आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सिस्टर असताना घरच्यांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आई ६८ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात ठाण्यातच आहे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, आई नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि तुम्ही राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोली. घरी नर्स पुरवणारे ब्युरोवाले सांगतायत चोवीस तासांची नर्स घ्यावीच लागेल. तुमचं विचारणं असं की ती खरंच लागते का, आणि हॉस्पिटलमध्ये सिस्टर असतातच तर नातेवाइकांनी तिथे बसून नक्की काय करायचं, आणि तुम्ही सुट्टी कधी घ्यायची.

मी स्टाफ नर्स आहे, आधी बरीच वर्षं ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला होते, आता सर्जिकल वॉर्ड बघते, ऑर्थोचे म्हणजे हाडांचे पेशंट रोजचेच. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते, दाराच्या आत काय चालतं ते आणि बाहेर नातेवाईक कशात अडकतात ते.

माझ्या मते नर्स ठेवायची की नाही हा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न हा की आईबद्दलची माहिती कोण सांभाळणार. उचलायला, पुसायला, भरवायला माणूस मिळतं. पण आई रोज कुठल्या गोळ्या घेतात, एरवी किती बोलतात, दुखलं तर सांगतात की दाबून ठेवतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नसतं. आम्ही त्यांना पहिल्यांदा बघतो तेच हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये. म्हणून घरच्या माणसाचं काम दोनच गोष्टींचं आहे, आधी सगळं खरं सांगणं आणि नंतर काही बदललं तर ते लगेच सांगणं. बाकीचं यातूनच येतं.

आता हे सगळं थोडंफार बदलू शकतं हेही सांगते. हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे का, वजन किती, भूल कमरेतून देणार की पूर्ण, तुमचे सर्जन पेशंटला कधी उभं करतात, यावर बरंच अवलंबून आहे आणि प्रत्येक हॉस्पिटलची पद्धतही वेगळी असते. मी लिहिलेलं आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडला तर त्यांचंच ऐकायचं.

सुरुवात गोळ्यांपासून करा. भूलतज्ज्ञांच्या तपासणीला, म्हणजे ज्याला सगळे फिटनेस म्हणतात, तिथे जाताना आईच्या घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, फ्रिजवरच्या डब्यातल्या, पर्समधल्या, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या, आयुर्वेदिक चूर्ण, होमिओपॅथीच्या बाटल्या, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी सुद्धा. यादी तोंडी सांगू नका. आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या, सुनेने शुगर आणि बीपी एवढंच सांगितलेलं, आणि अ‍ॅडमिशनला कपडे बदलताना त्यांच्या कनवटीच्या पाकिटातून क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीची अर्धी स्ट्रिप निघाली. काही वर्षांपूर्वी गावाकडे असताना स्टेंट बसला होता, तो सुनेला माहीत होता पण ही गोळी अजून चालू आहे हे माहीत नव्हतं, तिला वाटायचं ती रक्तवाढीची गोळी आहे. ऑपरेशन पुढे ढकललं, हार्टच्या डॉक्टरांना दाखवलं आणि मग व्यवस्थित झालं. पण ती स्ट्रिप दिसली नसती तर नुसतं जखमेतून रक्त जास्त गेलं असतं एवढ्यावर भागत नाही, कमरेत भूल देताना सुई जिथे जाते तिथे आत रक्त साचलं तर नसांवर दाब येतो आणि पायाची ताकद जाऊ शकते. अशा गोळ्या साधारण पाच-सात दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असेल तर तो निर्णय हार्टच्या डॉक्टरांचा, घरी बसून आपण बंद करायची नाही.

शुगरच्या गोळ्यांचं पण असंच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावाच्या ज्या नवीन गोळ्या आहेत त्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशी असताना त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं आणि गंमत म्हणजे तेव्हा शुगरचा आकडा फार वाढलेला दिसतही नाही, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. मेटफॉर्मिन बहुतेक जण त्या सकाळी घेऊ देत नाहीत. इन्सुलिन असेल तर डोस बदलून देतात. बीपीच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल या सहसा त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर देतात, पण टेल्मिसार्टनसारखी गोळी बरेच भूलतज्ज्ञ थांबवायला सांगतात कारण कमरेत भूल दिली की बीपी तसंही खाली येतं. थायरॉईडची चालू राहते. हे सगळं मी तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगतेय, ठरवायचं त्यांनीच. तुम्ही एवढं करा की प्रत्येक गोळीच्या नावासमोर चालू की बंद आणि कधीपासून हे त्यांच्याच हाताने लिहून घ्या, आणि ऑपरेशननंतर कुठली कधी परत सुरू करायची तेही तेव्हाच विचारा. डिस्चार्जच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं आणि पेशंट महिनाभर बीपीच्या गोळीशिवाय राहतो.

आई मिश्री लावतात का, तंबाखू खातात का, हेही स्पष्ट सांगा. मुलासमोर किंवा सुनेसमोर बायका सांगत नाहीत, तेव्हा तुम्हीच दोन मिनिटं बाहेर जा आणि सिस्टरला विचारू दे. आम्ही कुणाला बोल लावायला विचारत नाही, तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि छातीत कफ साचतो म्हणून विचारतो. जितके आठवडे आधी सुटेल तितकं बरं.

आणि आईचे पाय बघा, अगदी बोटांच्या मध्ये. चिखल्या झाल्यात का, टाचेच्या भेगेतून पाणी येतंय का, कुठे गळू आहे का. दात दुखतोय का, लघवीला जळजळ होते का. गुडघ्यात नवीन सांधा बसतो म्हणजे बाहेरची धातूची वस्तू आत जाते, शरीरात कुठेही इन्फेक्शन चालू असेल तर ते रक्तातून तिथे जाऊन बसू शकतं आणि मग ते काढणं फार अवघड, कधी कधी सांधाच परत काढावा लागतो. तारीख पुढे जाईल या भीतीने लोक हे लपवतात. पंधरा दिवस पुढे गेली तर जाऊ दे. शुगरचं पण तेच, तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे रिपोर्टवर HbA1c लिहिलेलं असतं ते, जास्त असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, साधारण ७.५ ते ८ च्या आत हवी असते. घरी ब्लेडने पायाचे केस काढू नका, ब्लेडने बारीक ओरखडे पडतात आणि त्यातून जंतू आत जातात, गरज असेल तर आम्ही क्लिपरने काढतो. आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ, पायाला तेल किंवा क्रीम काही नाही.

उपाशी राहण्याचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. जेवण सहा ते आठ तास आधी बंद, साधं पाणी बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ दिली ती पाळायची. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो खाण्यातच येतो. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा गंभीर प्रकार होतो, म्हणून हा नियम. पहाटे आईला गळाल्यासारखं झालं आणि कुणी मायेने दोन बिस्किटं, चमचाभर प्रसाद दिला असेल तर रागावतील म्हणून गप्प बसू नका, सांगून टाका, नंबर दोन-चार तास पुढे जाईल बस. आणि शुगरवाल्या पेशंटला उपाशी असताना घाम फुटला, थरथरायला लागलं तर लगेच सिस्टरला बोलवा, शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तुम्ही तोंडात काही घालू नका, आम्ही सलाईनमधून देतो.

दागिने घरीच काढून ठेवा. मंगळसूत्राबद्दल आई नाही म्हणतील, बऱ्याच जणी म्हणतात, तर घरीच शांतपणे बोलून घ्या, ओटीच्या दारात तो विषय नको. ओटीत रक्त थांबवायला करंट वापरतात, अंगावर धातू असला तर चटका बसू शकतो, आणि हातपाय सुजले की अंगठी आणि जोडवी रुततात. जोडवी निघत नसतील तर साबणाच्या पाण्यात पाय ठेवून चार दिवस आधीच काढा. मेंदी आणि नेलपॉलिश नको, बोटाला लावतो त्या ऑक्सिजनच्या मशीनचा आकडा त्यामुळे चुकू शकतो. कवळी काढून डबीत ठेवायची. चष्मा आणि कानाचं मशीन मात्र घरी विसरू नका, ते का लागतं ते पुढे सांगते.

त्या दिवशी एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेवा. त्यांना नाव, कुठला गुडघा, कसली अ‍ॅलर्जी, हे वॉर्डमध्ये, ओटीच्या दारात, टेबलवर, सगळीकडे परत परत विचारतील. काही पेशंट चिडतात, काहींना भीती वाटते की यांना माहीतच नाही की काय. पण ते मुद्दाम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली, भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी अशी तीनदा थांबून तपासायची. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलमध्ये ती वापरून बघितली, त्यात आपलं दिल्लीचं एक होतं, २००९ मध्ये त्याचे आकडे आले तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले होते आणि मोठी कॉम्प्लिकेशन्स ११ वरून ७ टक्क्यांवर. मोठं मशीन नाही, महाग औषध नाही, नुसतं थांबून मोठ्याने विचारणं. सर्जन गुडघ्यावर पेनने खूण करतील ती पुसू देऊ नका, आणि सहीच्या कागदावर उजवा गुडघा लिहिलंय ना हे स्वतः वाचा.

आत गेल्यावर सिस्टर काय करतात हे नातेवाइकांना कधी दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. एक सिस्टर सर्जनसोबत हात धुऊन गाऊन घालून टेबलवर असते, दुसरी बाहेरून सगळं पुरवते. अँटिबायोटिकचं इंजेक्शन छेद घेण्याच्या आधीच्या तासाभरात जायला लागतं, आणि गुडघ्याला वर पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवतात, तर तो आवळायच्या आधी ते आत जाऊन पोचायला हवं, नाहीतर औषध गुडघ्यापर्यंत जातच नाही. ही वेळ सांभाळणं हे सिस्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून करतात. मग मोजणी. गॉज आणि मॉप म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, सुया, सगळं सुरुवातीला दोघी मिळून मोठ्याने मोजून फळ्यावर लिहितो, टाके घालण्याआधी परत मोजतो, शेवटी परत. एक जरी गॉज कमी भरला तर सर्जनला थांबायला सांगतो, कितीही मोठे सर्जन असू देत, आणि ते थांबतात. नाहीच सापडला तर एक्स-रे काढतो, गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारी दोरी असते त्यासाठीच. ओटीत थंडी असते आणि भुलेमुळे अंगाची उष्णता भराभर जाते, म्हातारी माणसं कुडकुडतात, तर गरम हवेचं पांघरूण घालतो, कारण अंग थंड पडलं तर रक्त जास्त जातं आणि जखमेत इन्फेक्शनची शक्यताही वाढते. पेशंट जागा असेल तर हात धरून बोलत राहतो. हे कुठल्याही बिलात लिहिलेलं नसतं पण माझ्या लेखी हे कामच आहे.

तुम्ही बाहेर बसाल तेव्हा वेळेचा हिशोब आधी विचारून घ्या. ऑपरेशन दीड-दोन तासांचं म्हणतात, पण आत नेणं, भूल, तयारी, मग रिकव्हरी धरून आई वॉर्डमध्ये यायला चार-पाच तास सहज जातात. दोन तास उलटले की लोकांच्या जिवाची घालमेल सुरू होते. रिकव्हरीत आम्ही दर पंधरा मिनिटांनी बीपी, नाडी, ऑक्सिजन, ड्रेसिंगवर रक्त किती आलंय, पायाची बोटं गरम आहेत का हे बघतो, आणि आकडे स्थिर झाल्याशिवाय वर पाठवत नाही. तिथे वेळ लागतोय याचा अर्थ काहीतरी बिघडलंय असा घेऊ नका.

पहिली रात्र मात्र महत्त्वाची. तुम्ही सुट्टी कधी घेऊ विचारलंत, तर ही रात्र आणि घरी आल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस, या दोन वेळा स्वतः थांबा, मधले दिवस बहीण किंवा मावशी थांबली तरी चालेल.

कमरेतली भूल उतरायला काही तास लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी मांडीत वेगळं इंजेक्शन देऊन नस बधिर करतात तो परिणाम आणखी लांबतो. या काळात पाय थंड वाटतो म्हणून कुणीतरी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी लावतं. कृपा करून लावू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, पेशंट ओरडत नाही, आणि सकाळी भाजल्याचे फोड दिसतात, त्यात शुगर असेल तर ती जखम आठवडे न् आठवडे भरत नाही. पायावर पांघरूण घाला, बस. दुसरं म्हणजे गुडघ्याखाली उशी. पेशंटला त्याने बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ होत नाही. उशी ठेवायचीच तर घोट्याखाली, म्हणजे टाच अधांतरी राहील, तिला दाबाची जखमही होणार नाही. रोज एकदा ऑपरेशनच्या पायाची टाच आणि माकडहाड बघा, लाल झालं असेल तर सांगा.

दुखणं साधारण भूल उतरताना एकदम वाढतं, बऱ्याचदा रात्री. आपल्या आया विचारलं की म्हणतात, बरंय, काही नाही, झोप तू. चेहरा आक्रसलेला, गादीची कड मुठीत घट्ट धरलेली, आणि तोंडाने बरंय. अशा वेळी त्यांच्या वतीने तुम्ही बोला. दुखणं फार वाढू द्यायचं नाही, थोडं असतानाच औषध दिलं तर ते कमी औषधात आटोक्यात येतं. शून्य ते दहामध्ये किती असं आम्ही विचारतो, त्यांना आकडा जमत नसेल तर बाळंतपणाच्या कळांच्या मानाने किती असं विचारा, लगेच सांगतात. दुखणं दाबून धरणं सोशिकपणाचं असेल पण गुडघ्यासाठी वाईट, दुखतं म्हणून पाय हलवत नाहीत, हलवला नाही की पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते. बधिरपणा गेला की पावलं वर-खाली करायचा व्यायाम, जागेपणी तासातासाला दहा-पंधरा वेळा, हे तुम्ही आठवण करून करवून घ्या. गुठळी होऊ नये म्हणून पोटात छोटं इंजेक्शन किंवा गोळी देतात, त्याची वेळ चुकवायची नाही.

लघवीकडे लक्ष ठेवा. नळी घातलेली असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली, पलंगावर ठेवायची नाही, लघवी मागे फिरून आत गेली की इन्फेक्शन. नळी नसेल आणि सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर सांगा, बऱ्याचदा म्हाताऱ्या बायका बेडपॅन नको म्हणून पाणीच पीत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात.

आता चष्मा आणि कानाचं मशीन. वयस्कर माणसं ऑपरेशननंतर एक-दोन रात्री भ्रमिष्टासारखी वागतात, मी कुठे आहे, हे लोक कोण, सलाईन ओढणं, मेलेल्या माणसांना हाका मारणं. घरचे घाबरतात, वेड लागलं की काय म्हणतात. बहुतेक वेळा ते थोड्या दिवसांत जातं, पण त्यामागे कारण असतं, इन्फेक्शन, सोडियम कमी, लघवी तुंबणं, ऑक्सिजन कमी, दुखणं, एखादं औषध, आणि ते शोधावं लागतं. दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस की रात्र कळत नाही, याने ते आणखी वाढतं. म्हणून जाग आली की चष्मा लावा, मशीन लावा, तुमच्या आवाजात सांगा की आई आपण हॉस्पिटलमध्ये आहोत, गुडघ्याचं झालंय, मी इथेच आहे. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. आणि इथेच तुमची माहिती लागते. नुसत्या गप्प पडून राहिलेल्या पेशंटला नवीन सिस्टर शांत समजेल, आई एरवी एवढ्या गप्प नसतात हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

सांगायचं कसं तेही सांगते. सिस्टर जरा बघा ना, आईला बरं वाटत नाहीये, असं म्हटलं की रात्री एवढे पेशंट असताना ते मागे पडू शकतं, हे खरं आहे आणि ते चांगलं नाही, पण रात्रीच्या पाळीला माणसं कमीच असतात. त्याऐवजी असं म्हणा, सिस्टर, आई बारा वाजेपर्यंत नीट बोलत होत्या, अर्ध्या तासापासून मला ओळखत नाहीयेत आणि श्वास जोरात चाललाय. काय बदललं, कधीपासून, आधी कसं होतं. हे ऐकल्यावर कुठलीही सिस्टर हातातलं ठेवून येते. नाही आली तर परत जा, ड्युटी डॉक्टरांना बोलवायला सांगा, त्यात संकोच नको. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या आसपास पाळी बदलते, वेळा थोड्या इकडेतिकडे असतील, तेव्हा आम्ही एकमेकींना पेशंट समजावून देत असतो, साधी चौकशी असेल तर ती अर्धा तास नंतर करा, तब्येतीचं काही असेल तर मात्र वेळ बघायची नाही.

पडणं. हे वेगळं सांगते कारण ते होताना पाहिलं की विसरता येत नाही. पडतात ते बहुतेक पहाटे संडास-बाथरूमला जाताना, तुला कशाला उठवू म्हणून एकटे उठतात. आईला बजावून ठेवा आणि तुमची झोपायची खुर्ची त्यांच्या उतरायच्या बाजूला लावा. पहिल्यांदा उठवताना फिजिओ, म्हणजे व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट, किंवा सिस्टर हवेतच, आधी पलंगाच्या कडेला पाच मिनिटं पाय सोडून बसवायचं, चक्कर नाही ना बघायचं, मग वॉकर. भेटायला येणाऱ्यांना बेडवर बसू देऊ नका, हात सॅनिटायझरने पुसायला लावा, ड्रेसिंग उघडून दाखवायचं नाही.

आता घरचं, म्हणजे ब्युरोचा प्रश्न. ब्युरो नर्स म्हणून ज्या पाठवतात त्या सगळ्या नर्स नसतात. नर्सिंगचे कोर्स तीन, एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बीएस्सी नर्सिंगचा चार, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, ते बघायला मागा, खरी नर्स आनंदाने दाखवेल. बाकीच्या केअरटेकर असतात, काही फार चांगल्या असतात, जीव लावून करतात, पण इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी त्यांच्या हातात द्यायची नाही. एका गुडघ्याच्या साध्या केसमध्ये, हार्ट-किडनी ठीक असेल, नळी निघाली असेल, तर घरी नर्स चोवीस तास लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. लागतं काय, तर आंघोळ, संडास, उठणं-बसणं याला पहिले पंधरा दिवस दिवसभर एक केअरटेकर बाई, रात्री घरचं कुणीतरी, रोज किंवा एक दिवसाआड फिजिओ, आणि ड्रेसिंगला हॉस्पिटल किंवा तासाभरासाठी येणारी नर्स. तुमचे पैसे फिजिओवर घाला, त्याचा गुडघ्याला जास्त उपयोग आहे. शिरेतून इंजेक्शन चालू असतील, लघवीची नळी किंवा ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी, घेऊन घरी आल्या असतील, किंवा इन्सुलिन नवीन सुरू झालं असेल आणि घरात कुणाला जमत नसेल, तर मात्र खरी नर्स ठेवा.

राहायला तुमच्याकडे आणा, निदान पहिला महिना. तीन मजले चढणं अशक्य नाही, फिजिओ जिना शिकवतात, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, पण ड्रेसिंगला, टाके काढायला साधारण बारा-चौदा दिवसांनी, आणि अडीअडचणीला रात्री तीन मजले उतरवायचे म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा. तुमच्याकडे घोडबंदरला ट्रॅफिक आहे हे मान्य, पण लिफ्ट आहे. आई नाही म्हणतील, त्यांचं घर, त्यांचे देव, शेजारीण, तर ऑपरेशनच्या आठ दिवस आधीच आणून राहू दे, अंधारात बाथरूमचा रस्ता पायाखालचा होऊ दे. सतरंज्या, पायपुसणी, मोबाईलच्या वायरी उचला, कमोडवर उंच सीट बसवा, शेजारी पकडायला दांडा, पलंग आणि खुर्ची उंच हवी. सोफ्यात रुतून बसायचं नाही, खाली बसायचं तर नाहीच.

घरी गेल्यावर दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणखी एक पेनकिलर आणणं हे फार चालतं. डिस्चार्जच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामोल आधीच असतं, वरून डोलो घेतली की तेच दुप्पट होतं, आणि डायक्लोफिनॅकसारखी गोळी रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव करू शकते, शुगर-बीपीवाल्यांच्या किडनीलाही वाईट. विचारल्याशिवाय एकही नाही. ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, पाणी, पपई, ताक चालू ठेवा, तीन दिवस शौचाला झालं नाही तर कळवा. जखमेवर हळद, तेल, कुठलाही लेप नाही.

पहिले एक-दोन दिवस बारीक ताप असतो, त्याने घाबरू नका. पण त्यानंतर १०१ च्या वर ताप किंवा थंडी वाजून ताप, ड्रेसिंग भिजून पाणी किंवा पू येणं, कमी होत आलेलं दुखणं परत वाढणं, पोटरी सुजून कडक होणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, लघवी थांबणं, अचानक बडबड किंवा गुंगी, पाऊल वर उचलता न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा, तो रात्रीचा नंबर डिस्चार्जच्या वेळीच घेऊन ठेवायचा. आणि एकदम दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडल्या तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते, तेव्हा फोनाफोनी नाही, १०८ लावा किंवा जी गाडी मिळेल ती घेऊन जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे जा, ऑपरेशन केलेलंच हॉस्पिटल पाहिजे असा हट्ट धरू नका. डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी हे सांगा की गुडघ्याचं ऑपरेशन किती दिवसांपूर्वी झालं, आणि रक्त पातळ करायचं औषध कुठलं, शेवटचं किती वाजता दिलं.